कचरूची पट्टी

दोष वामनरावाचा होता. मरीमायचा नव्हे, उन्हाचा नव्हे, आणि गावात अजून सांगतात तसा नशिबाचा तर मुळीच नव्हे. हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या माणसांचं पाप सांगायचं झालं की आपल्याकडं आधी दुष्काळ सांगतात, मग दैव, मग म्हाताऱ्याचं वय, आणि तिथवर येईतो ऐकणाऱ्याला झोप लागते.

तर सोमवार होता. महाराष्ट्र राज्य होऊन पाच वर्षं झाली होती. वैशाखाचं ऊन असं की दुपारी अमडापूरकडची वाट पांढरी पडायची आणि तिच्यावर कुत्रंसुद्धा पाऊल टाकत नसे. निवृत्ती चुलीवर जर्मनच्या भगोन्यात पाणी उकळत होता. त्याचं रोजचंच काम. बापाचा पाय धुवायला.

निवृत्ती एकवीस वर्षांचा. खामगावच्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षी उठून आला आणि तेव्हापासून घरात बसून बापाच्या शिव्या खात होता. बाप म्हणजे वामनराव. साठ एकरांचा धनी, गावात शब्दाला वजन, आणि अंगात साखरेची बिमारी. लघवीला बसला तिथं मुंग्यांची रांग लागायची. डॉक्टरनं गोड बंद सांगितलं, तर हा माणूस कोठीघराचं दार लावून पिकलेले आंबे चोखायचा आणि कोया गाईच्या पुढ्यात टाकायचा. गाईवर आळ!

पाय असा बिघडला. मार्गशीर्षात नवा बूट घेतला. त्यातला एक खिळा दिवसभर तळव्यात घुसत राहिला आणि हा पारावर बसून लोकांचे तंटे मिटवत होता. त्याला पत्ताच नाही. साखरेनं पाय बधिर करून टाकलेला. संध्याकाळी मोजा काढला तर रक्तानं चिंब निघाला.

"पाह्यलं? दुखलं बी नाही," वामनराव चार लोकांत म्हणाला. "वाघाचं अंग आहे हे."

त्या वाघाच्या अंगठ्याखाली पुढं रुपयाएवढं भोक पडलं. बुलढाण्याच्या डॉक्टरनं कापायची भाषा केली. तेव्हा कचरू म्हणाला, मी बघतो.

कचरू गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. चौथीपासून निवृत्तीच्या बाकावर बसलेला. निवृत्तीनं शाळेबाहेरची जी काही अक्कल कमावली, ती त्याच्याकडून. कॉलेजात निवृत्ती गेला आणि नापास झाला. कचरू गेला नाही, दवाखान्यात ड्रेसर लागला. सकाळची पाळी संपवून सायकलवर परत येताना बरोबर बाराला तो वामनरावाच्या दारात उभा राहायचा. पाच महिने. एक दिवस चुकला नाही.

"अबे कॉलेजवाले, चिमटा नीट धर," तो म्हणायचा. "चिमटा आहे तो, टाक नाही."

"तूच धर ना बे. सरकार पगार तुले देते."

"कचऱ्या, हळू," वामनराव मधेच कण्हायचा.

"तुम्हाले कुठं दुखते बापू? दुखलं असतं तर बरं झालं असतं."

जखम उकळलेल्या पाण्यानं धुवायची, मेलेलं मांस कातरीनं काढायचं, लाल औषधात भिजवलेला कपडा आत भरायचा आणि वरून पट्टी. ती पट्टी बघण्यासारखी असायची. एक वळसा वर, एक खाली, ज्वारीच्या कणसावरच्या दाण्यांसारखी वीण. शेवटी गाठ मारताना तो नुसतं म्हणायचा, "बोट ठेव." निवृत्ती गाठीवर बोट दाबायचा, कचरू करकचून बांधायचा आणि उरलेलं टोक आत खोचून द्यायचा.

मग विमलबाई, निवृत्तीची माय, बाहेर येऊन ओसरीवरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची. वरून. तांब्या त्याच्या हाताला लागू नये इतक्या उंचावरून. कचरू पाणी प्यायचा, निवृत्ती दुसरीकडं बघायचा.

त्या सोमवारी पाणी पिऊन झाल्यावर कचरू लगेच उठला नाही.

"बापू, पटकी आली," तो म्हणाला. "पेपरात येऊन राह्यलं. पूर्वेकडच्या बेटांवरून निघाली, जहाजातून देशच्या देश फिरली. आता अमडापुरात तीन झाले. डॉक्टर म्हणते, पाणी उकळून प्या, दुसरा उपाय नाही."

"आमचा उपाय आमच्यापाशी आहे. उद्या गाव बांधून राह्यलो."

गाव बांधणं म्हणजे काय, ते सांगतो. भगत डोक्यावर दुधाचं मडकं घेतो. मडक्याला खाली बारीक भोक. धार सोडत तो गावाभोवती फिरतो. धार पडली ती शीव. पाच दिवस ती शीव आतून कोणी ओलांडायची नाही, बाहेरून कोणाला आत घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नेम असा की बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही. मरीमाय ओळखीच्या आवाजात हाक मारते म्हणतात. ओ दिली की ती घरात आली.

"वस्ती आत राहीन का बाहेर?" कचरूनं विचारलं.

हा प्रश्न साधा नव्हता. वस्तीची विहीर चैतातच आटली होती. वस्तीच्या बाया गावविहिरीपाशी घागरी घेऊन थांबायच्या, कोणी वरून ओतलं तर पाणी. शीव मधून गेली तर पाच दिवस तेही बंद. म्हणून वस्तीतली आठ घरं त्या दिवशी गाड्या जुंपून साखरखेर्ड्याकडं नातलगांत निघाली होती.

"आत," वामनराव म्हणाला. "धार वस्तीच्या पलीकडून जाईन. माहा शब्द आहे. पण तू गेला तर पायाचं कसं?"

"वस्ती आत असली तर मी कायले जातो? दवाखान्यात रजा टाकतो अन् रोज बाराले येतो. पण बापू, एक दिवस चुकला तर सडण वर चढीन. मग माह्या हातात नाही."

"तू तुहा शब्द पाळ. आम्ही आमचा पाळतो."

वामनरावानं निवृत्तीलाच वस्तीत पाठवलं. निवृत्तीनं जाऊन सांगितलं, गाड्या सोडा, पाणी मिळेल, बाबानं शब्द दिला. कचरूची माय जनकाबाई म्हणाली, "पाटलाचा शब्द मी नाही ओळखत बाप्पा. तू सांगतो म्हणून थांबतो." बैल सोडले गेले.

मंगळवारी पहाटे निवृत्ती धारेमागं चालला. पुढं माणिकराव भगत, डोक्यावर मडकं, मागं दहा-पंधरा म्हातारे खाली माना घालून. वामनरावाचं घर गावाच्या शेवटाला. तिथून शंभर पावलांवर एक बाभूळ आणि बाभळीच्या पलीकडं वस्ती. बाभळीपाशी आल्यावर माणिकराव डावीकडं वळला. धार वळली. दूध मातीत मुरायला लागलं आणि वस्ती बाहेर राहिली. एकाही म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. म्हणजे त्यांचं रात्रीच ठरलेलं होतं.

निवृत्ती धावत घरी आला. "तुम्ही शब्द देल्ला होता."

वामनराव खाटेवर उताणा होता. "एकट्याच्या म्हणण्यानं गाव चालते काय? पंच ऐकले नाहीत. पाण्याची सोय केली आहे मी. रोज दोन हंडे बाभळीखाली ठेवून देतीन."

"अन् कचरू?"

"त्याले दवाखान्यातच ठेवून घेतलं म्हणे. साथीची ड्यूटी. पाच दिवस अमडापुरातच."

एका दमात बापानं एवढं सांगितलं. निवृत्तीनं ते धरलं. खरं म्हणजे त्याला ते धरायचंच होतं. बापाशी भांडून पोरगा थकतो, आणि थकलेल्या माणसाला उशाला काहीही चालतं.

त्या दुपारी त्यानं पट्टी स्वतः बांधली. वेडीवाकडी झाली, चालताना सुटली. आतून गोडसर कुजका वास येत होता.

बुधवारी गावात पटकीनं दोघं गेले. घराघरांतून कडुनिंबाचा धूर निघत होता, बाहेर चिटपाखरू नव्हतं. उन्हासाठी वामनरावाच्या घराच्या खिडक्यांना ओली पोती लावलेली. खोलीत भर दुपारी अंधार, फक्त वामनरावाच्या खाटेशी पोत्याला एक फट. बरोबर बाराला बाहेरून हाक आली.

"निवृत्ती..."

निवृत्ती ताडकन उठला. "कचरू आहे!"

विमलबाईनं झेप घेऊन त्याच्या तोंडावर पदर दाबला. "नको माय, ओ नको देऊ... तुह्या पाया पडतो..."

"निवृत्ती... अबे..."

आवाज कचरूचाच, पण ओला आणि लांब ओढलेला, खोल विहिरीतून आल्यासारखा. वामनरावानं फटीला डोळा लावला. बराच वेळ तो बघत राहिला. मग पोतं सरळ केलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "बाभळीखाली कोणीच नाही. तिचाच आवाज आहे तो."

"निवृत्ती..."

ही तिसरी. मग दगडावर पितळ आपटल्यासारखा आवाज झाला आणि घरंगळत गेला. मग काही नाही. निवृत्तीनं मायच्या पदराखाली दात आवळले आणि ओ दिली नाही. लहानपणापासून तो या म्हाताऱ्यांच्या देवांना हसत आला होता. त्या दिवशी हसला नाही, घाबरला. पुढं त्यानं बापाला जे काही म्हटलं, त्याच्या निम्मं तो स्वतःलाही म्हणायचा.

गुरुवारी बारा वाजता निवृत्ती स्वयंपाकघरात पाणी उकळत होता. हाक आली. या वेळी बाभळीकडून नाही, घराच्या मागून. एकदाच, आणि हळू. जसं कोणी दारात उभं राहून, आत झोपलेलं माणूस उठू नये म्हणून बोलतं तसं. मायलेक एकमेकांकडं बघत राहिले. भगोन्यातलं पाणी खदखदत होतं. बाकी सगळ्या गावात दुसरा आवाज नव्हता.

बऱ्याच वेळानं तो भगोनं घेऊन आतल्या खोलीत गेला. दारातच थांबला. लाल औषधाचा वास येत होता. घरातलं लाल औषध तर मंगळवारीच संपलं होतं.

वामनराव घोरत होता. त्याच्या पायावर पट्टी होती. निवृत्तीनं बांधलेली नव्हे. एक वळसा वर, एक खाली. टोक आत खोचलेलं.

"बाबा... बाबा, हे कोणं केलं?"

वामनराव डोळे चोळत उठला, पायाकडं बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "आला होता म्हण की! मांगच्या दारानं आला असन. पाह्य, याले म्हणतात वजन. शीव बांधली तरी आमचं काम करून गेला. बोलला नाही कसा?"

निवृत्तीला आधी आनंदच झाला. आला! चोरून आला लेकाचा! तो मागच्या दाराकडं धावला. दाराला आतून अडसर होता. सोमवारपासून काढलेला नव्हता. त्याच्यावर कडुनिंबाच्या धुराची राख साचली होती, आणि राखेवर बोटाची खूणसुद्धा नव्हती. पुढचं दार स्वयंपाकघरातून समोरच दिसत होतं, तिथून कोणी आलं नव्हतं. तिसरं दार त्या घराला नव्हतं.

शुक्रवारी त्यानं ठरवलं, बारा वाजता खोलीतच बसायचं.

अकरापासून तो बापाच्या पायाशी, जमिनीवर. वामनराव जेवून आडवा झालेला. ओल्या पोत्यांचा कुबट वास. पोत्यातून गाळून येणारा उजेड मातकट, तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा. बाहेर वारा नाही. एक माशी जखमेच्या वासानं आलेली, पट्टीवर बसत होती, उठत होती. पाणी उकळून शेजारी ठेवलं होतं. त्याची वाफ हळूहळू कमी झाली आणि निवृत्तीचे डोळे जड झाले.

माशी थांबली म्हणून तो जागा झाला.

पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बारीक धार, जपून सोडलेली. भगोनं जागच्या जागी होतं, पण त्यातलं पाणी कमी होत होतं. बापाच्या पायावरची पट्टी सुटत होती. घाईनं नाही. एक वळसा, मग दुसरा, आणि सुटलेला कपडा खाली न पडता हवेत गुंडाळला जात होता, जशी हुशार माणसं गुंडाळतात. जखम उघडी पडली. गुरुवारी सकाळी ती पिवळी होती. आता कडेनं गुलाबी मांस धरलेलं, स्वच्छ, लहान मुलाच्या हिरड्यांसारखं. तो पाय बरा होत होता.

नवी पट्टी पायावर चढायला लागली. कपडा ओलसर होता आणि त्याला माती लागलेली होती. शेवटचा वळसा झाला. गाठीची दोन टोकं हवेत ताणून थांबली. थांबूनच राहिली.

मग त्याच्या कानाशी, ओळखीच्या हसऱ्या आवाजात, पण अगदी घसा सुकलेला...

"बोट ठेव."

पाच महिन्यांची सवय. निवृत्तीचा हात आपोआप पुढं गेला. बोट गाठीवर पडलं. गाठ आवळली गेली. बोटाला जे चाटून गेलं, ते माठाच्या बुडासारखं थंड होतं.

"कचरू..." त्याच्या तोंडून गेलं. ओ देऊ नये ती देऊन झाली होती.

"दोन दिवस चुकले बे..." आवाज म्हणाला. "मंगळवार अन् बुधवार... येता नाही आलं. बापूले सांग, माह्याकडून आता नाही चुकणार..."

"कचरू, तू कुठं आहे?"

भगोन्यातल्या उरल्या पाण्यावर तरंग उठले, कोणी वर वाकल्यासारखे.

"पाणी मिळन म्हणला होता ना तू..."

खाट करकरली. वामनराव जागा होता. कधीपासून जागा होता कोण जाणे. डोळे वटारलेले, हनुवटी उडत होती.

"जाय रे बाबा..." तो पुटपुटत होता. "जाय... मी काय करू... तू बसला होता, तुले उभं राह्यता येत नव्हतं... कळशी पालथी घालून दाखवत होता... म्या पाह्यलं... तुले आत घेतलं असतं तर गावानं मले..."

"काय पाह्यलं?" निवृत्तीनं विचारलं.

वामनरावानं तोंड भिंतीकडं केलं.

"बाबा, बुधवारी काय पाह्यलं? हंडे ठेवले होते ना बाभळीखाली?"

"कोण ठेवीन? पाण्यासाठी शीव कोण ओलांडीन?" म्हातारा एकदम ओरडला. "माह्या पायासाठीच केलं ना सगळं! वस्ती निघून गेली असती तर तो बी गेला असता! थांबवायले नको होतं?"

म्हणजे असं होतं. शब्द फक्त कचरूला अडकवायला दिलेला. आणि मग पंचांपुढं तोंड उघडायची हिंमत नव्हती, म्हणून कचरूलाही शिवेबाहेर टाकलं. निवृत्तीनं बापाकडं बघितलं. गुबगुबीत चेहरा, मिशीला आंब्याचा वाळलेला रस. त्यानं गडवा उचलला, भरून घेतला, पुढचं दार उघडलं आणि भर उन्हात दुधाच्या रेघेवरून चालत पलीकडं गेला. मागं माय ओरडत राहिली. घरोघरच्या फटींतून डोळे बघत होते. कोणी अडवायला बाहेर आलं नाही. बाहेर यायला ते भीत होते.

बाभळीखाली पितळेची कळशी पडलेली होती. चेपलेली, उलटी.

वस्तीत जनकाबाई उंबऱ्यावर बसली होती. डोळे आत गेलेले. निवृत्तीनं गडवा तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही.

"पाणी आलं आता," ती म्हणाली. "काल दवाखान्याची गाडी आली. टाकी ठेवून गेली."

"कचरू..."

"बुधवारी गेला. दिवस मावळताना." ती सरळ आवाजात सांगत होती, जसं कोणी रोजची कामं सांगतं. "मंगळवारी पाणी सरलं. नाल्यातल्या डबक्यातलं आणलं त्यानं. लेकराइले अन् मले उकळून पाजलं. लाकडं संपली. आपण तसंच प्याला. बुधवारी सकाळीच धरलं त्याले. बाराले म्हणे, माय, निवृत्ती घरीच असते या टायमाले. मले नुसता आवाज देऊ दे. रांगत गेलं लेकरू बाभळीपर्यंत. तीन आवाज देल्ले. म्या इथून ऐकले."

निवृत्तीनं गडवा खाली ठेवला.

"तू घरी नव्हता काय बाप्पा?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्याच्या घरात सगळ्यांना येत होतं.

"होतो," तो म्हणाला.

जनकाबाईनं मान हलवली. "त्याची दवाखान्याची पिशवी होती ना," ती मग म्हणाली, "पट्ट्यांची, औषधाची. ती म्या त्याच्यासंगंच पुरली. त्याचं काम होतं ते."



इकडं गावात जे व्हायचं ते झालं. पोरानं शीव मोडली म्हणून पंच दारात ओरडायला जमले, पण आत कोणी आलं नाही. आणि वामनरावानं स्वतःच्या हातानं पायावरची पट्टी फाडून काढली. मेलेल्याचा हात लागलेली म्हणे. चुलीत टाकली. माणिकरावाला बोलावून जखमेत अंगारा आणि शेण भरून घेतलं, पायाभोवती काळा दोरा आवळला. विमलबाई रडून सांगत होती, जखम बरी होऊन राह्यली होती हो, डोळ्यानं पाह्यली म्या. कोण ऐकतं? शनिवारी बारा वाजता खोलीच्या दारावर कोणी तरी टकटक केली. वामनरावानं आतून कडी लावलेली. टकटक थांबली नाही. अर्धा तास, सावकाश, चिडून नाही. कामाच्या माणसाला खोळंबा झाला की तो करतो तशी. वामनराव आतून ओरडत राहिला, "नको! नको तुही पट्टी!" मग ती थांबली.

रविवारी मरीमायचा गाडा शिवेबाहेर हाकलला आणि गाव सुटलं. तोवर अंगठा काळा पडला होता. मंगळवारी काळं घोट्यावर आलं. निवृत्ती त्या घरात राहिला नव्हता, पण मायनं पाय धरले म्हणून बैलगाडीत आणि मग एस.टी.त बापाला घालून त्यानं बुलढाण्याला नेलं. डॉक्टरनं बघून फक्त विचारलं, "शेण कोणी भरलं?" आणि गुडघ्याखाली पाय कापला.

तिसऱ्या दिवशी दुपारी निवृत्ती वॉर्डच्या बाहेर बाकावर बसला होता. आतून सिस्टरचा आवाज आला. चढलेला.

"अहो, या इकडं! कोण आहे यांच्याबरोबर? ही थट्टा कोणी केली?"

तो आत गेला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. वामनराव खाटेच्या दांड्या धरून छताकडं बघत होता, तोंड उघडं, आवाज नाही. सिस्टरनं पांघरूण वर धरलेलं होतं.

कापलेल्या पायाची दवाखान्याची पट्टी तशीच होती. पण तिच्या खाली, जिथं आता काही नव्हतं तिथं, चादरीवर एक पाऊल उभं होतं. नुसत्या पट्टीचं. टाच, घोटा, अंगठ्याचा उंचवटा, सगळं जिथल्या तिथं. एक वळसा वर, एक खाली. टोक आत खोचलेलं. कपडा ओला होता, चादरीवर लाल डाग उतरत होता. सिस्टरनं चिमट्यानं हळूच दाबून बघितलं. पट्टी दबली नाही. आत पोकळ होतं, तरी दबली नाही.

"आत काय आहे?" तिनं विचारलं.

निवृत्ती वॉर्डातून बाहेर पडला आणि पुन्हा त्या खाटेशी गेला नाही, त्या घरातही नाही.

वामनराव त्यानंतर अकरा वर्षं जगला. निवृत्तीला दोस्त एकच होता. तो गेला.